खान्देशचा लाडका ऋतू आणि केळीची नापसंती

मंडळी, खान्देशात कुणालाही आवडता ऋतू विचारा, दहातले आठ जण हिवाळाच म्हणतील. यात नवल नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे उन्हाळ्याचं नाव कोण घेणार? खरं तर वर्षभराचे पापड, कुरडया, बिबडे त्याच उन्हात वाळतात आणि आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोकेही त्याच उन्हाळ्यातले. तरी मत पडतं ते थंडीलाच. पावसाळा आवडीचा की काळजीचा, हे कोरडवाहू कापूसवाल्याला मृग कोरडा गेल्यावर विचारा.

हिवाळ्याच्या लाडाचं मुख्य कारण भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वांगं मोठं, फिकट हिरवं, बिया कमी. ते तयार होतं, कांद्याची पात कोवळी असते आणि वेचणी संपलेल्या कपाशीच्या काड्या बांधावर वाळत पडलेल्या असतात, हे सगळं एकाच सुमाराला. भाजायला याच काड्या हव्यात. आच झपकन लागते आणि धुराचा वास गरात मुरतो. गॅसवर साल करपते, देठाजवळचा गर मात्र कच्चा राहतो.

किलोभर वांग्यांना दहा-बारा हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या धरा. वांग्याला आधी सुरीने दोन-तीन टोचे मारा, नाहीतर विस्तवात फुटतं. गरम असतानाच सोला, पण पाण्याखाली धरू नका. धुराचा वास तिथेच धुऊन जातो. गर लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायचा. मिक्सरमध्ये त्याची लापशी होते, मग ते भरीत राहत नाही. तेल सढळ हवं. शेंगदाणे तेलात तळून घ्या, मिरची-लसणाचा ठेचा परता आणि मग गर टाका. पात, कोथिंबीर शेवटी. सोबत कळण्याची भाकरी: चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीचे उडीद, मीठ घालून दळलेले.

आता दुसरी बाजू. हाच हिवाळा रावेर-यावलच्या केळीला सोसत नाही. तापमान दहा अंशांखाली गेलं की वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. थंडीत निसवणाऱ्या, म्हणजे घड टाकणाऱ्या, बागेत घड पूर्ण बाहेर न पडता खोडातच अडकतो, आणि असा घड पुढे सरळ भरत नाही. म्हणजे ताटाला जो गारवा गोड लागतो, तोच बागेतून वसुली करतो.

उपाय साधे आहेत, वेळ मात्र चुकवायची नाही. पाणी रात्री द्या. विहिरीचं पाणी थंडीत हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची वाराबंदी लावायची ती लागवडीबरोबरच. डिसेंबरात आठवण झाली तर उपयोग नाही. घड २ ते ६ टक्के छिद्रं असलेल्या पिशवीने झाका. बिनछिद्राच्या पिशवीत वाफ कोंडून फळं सडतात. पारा सर्वांत खाली येतो तो सूर्योदयाच्या आसपास, म्हणून पालापाचोळ्याचा धूर पहाटे तीन-चारला बांधावर करा. पाला किंचित ओला असावा, तो धुमसला पाहिजे, भडकला नको. वारा वाहत असेल तर हा खटाटोप करूच नका, धूर बागेत थांबणार नाही.