यादी क्रमानं आली, पण माणसं कुठं गेली?

नमस्कार मंडळी. मागं उभं राहू नका, पुढं खुर्च्या आहेत, या. शनिवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात गाडी लावायला जागा शोधून लॉजिकवरचं व्याख्यान ऐकायला एवढी माणसं आलीत, मला खरंच लई आनंद झालाय. पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्रोग्रामचं तार्किक स्पेसिफिकेशन’. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. प्रोग्रामनं काय करायचं हे तो लिहायला घ्यायच्या आधी गणिताच्या भाषेत लिहून ठेवायचं. कसं करायचं ते नाही, काय करायचं ते. थिअरी म्हणजे काय, मॉडेल म्हणजे काय हे सगळं आज सांगणार आहे, पण आधी एक प्रसंग सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलताच येत नाही.

आपल्या जिल्ह्यात ‘प्रोग्राम’ हा शब्द कॉम्प्युटरच्या आधीपासून उसाला लागलाय. तोडणी प्रोग्राम. कुणाचा ऊस कधी तुटणार त्याची यादी, लागणीच्या तारखेप्रमाणं लावलेली, आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग ‘सुरू’, खोडवा, अशा उसाच्या प्रकारांप्रमाणं. तुम्हाला हे सांगायला नको, हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या घरी ऊस असणार. तर ऐन नव्वदीच्या शेवटी एका कारखान्यानं, नाव घेत नाही, ही यादी कॉम्प्युटरवर काढायचं ठरवलं. काम एका छोट्या कंपनीकडं गेलं आणि मी तिथं नुकताच लागलो होतो. प्रोग्राम दुसऱ्यानं लिहिला, टेस्ट करायचं काम माझ्याकडं. सांगितलेलं काम एका वाक्यात होतं: ‘सभासदांची यादी लागणीच्या तारखेप्रमाणं लावून द्या’. मी पाच नावं घातली, पाच तारखा घातल्या, बटण दाबलं, यादी बरोबर क्रमानं आली. दहा घातली, आली. उलट्या क्रमानं घातली, तरी आली. मी सही करून मोकळा.

त्या हंगामात आमच्या तात्यांचा, म्हणजे थोरल्या चुलत्यांचा, ऊस राहिला. शेजारच्या वावरात टोळी आली, ऊस तोडला, बैलगाड्या भरून गेल्या, तात्यांच्या बांधावरनं गेल्या, पण तात्यांच्या सरीत कोयता पडला नाही. तात्या चिटबॉयकडं, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडं गेले, तो म्हणाला यादीत नाव नाही. गट ऑफिसला गेले, तिथला माणूस म्हणाला कॉम्प्युटरात नाव नाही म्हणजे तुमची नोंदच झाली नसंल. तात्यांनी नोंदीची पावती काढून दाखवली. तो म्हणाला, पावती बरोबर आहे हो, पण कॉम्प्युटर चुकत नाही. हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही. आडसाली ऊस, जुलैची लागण, दिवाळीनंतर जायला पाहिजे होता तो मार्चपर्यंत उभा. तुरा आला, पोकळ पडला, एकरी दहा-बारा टन गेलं. तात्या मला काही बोलले नाहीत, त्यांना माहीतच नव्हतं की ती सही माझी आहे. मीच नंतर सांगितलं.

मार्चमध्ये मी रजा काढून गट ऑफिसात बसलो. नोंदवही एका बाजूला, छापील यादी दुसऱ्या बाजूला, तो पट्ट्यापट्ट्यांचा लांब कागद आठवत असंल बघा, कडेला भोकं असलेला. पेन्सिल घेऊन एकेक नाव लावत गेलो. वहीत जितकी नावं, त्यापेक्षा यादीत ४३ कमी. ४३ माणसं गायब, आणि जी गायब त्या प्रत्येकाची लागणीची तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी तारखेशी जुळत होती. मग उलगडा झाला. लिहिणाऱ्यानं प्रत्येक तारखेला एक कप्पा केला होता, त्याच तारखेचं दुसरं नाव आलं की ते पहिल्यावर बसायचं आणि पहिलं जायचं. माझ्या टेस्टमधल्या तारखा सगळ्या वेगळ्या होत्या. आणि गावात काय होतं? पाण्याची पाळी एका दिवशी येते, सऱ्या पाडायला ट्रॅक्टर एकच असतो, भाऊकी एकमेकांच्या लागणीला जाते, मग एका दिवशी चार-चार घरांची लागण होणारच की! तात्यांची आणि शेजाऱ्याची लागण एकाच दिवशी, एकाच ट्रॅक्टरमागं झालेली. शेजारी वहीत खाली होता म्हणून यादीत राहिला.

आता नीट बघा. तो प्रोग्राम सांगितलेलं काम करत होता. ‘तारखेप्रमाणं लावून द्या’, यादी तारखेप्रमाणंच लागली होती, एकही नाव जागा सोडून नव्हतं. त्या वाक्याला कोरा कागदसुद्धा चालला असता, कारण रिकाम्या यादीत क्रम चुकायला काही असतच नाही. आपण जे बोललो नव्हतो ते होतं ‘कुणाला टाकू नका’. ते बोलायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही, माणसाला सांगितलं असतं तर त्याला ते न सांगता कळलं असतं. मशीनला न सांगता काही कळत नाही, आणि लिहिलेलं एवढंच खरं धरायचं ही सवय लॉजिकला हजारो वर्षांची आहे, म्हणून मी लॉजिककडं आलो.

लॉजिकमध्ये ते दोन ओळींत लिहिता येतं. पहिली ओळ: निघालेल्या यादीत कुठल्याही नावाची तारीख त्याच्या पुढच्या नावाच्या तारखेपेक्षा मोठी नाही. दुसरी ओळ: कुठलंही नाव घ्या, ते आलेल्या यादीत जितक्या वेळा आहे तितक्याच वेळा निघालेल्या यादीत आहे. झालं. दुसरी ओळ असती तर तात्यांचा ऊस वेळेत गेला असता. आणि एक गंमत बघा, पहिल्या ओळीत ‘मोठी नाही’च्या ऐवजी चुकून ‘लहानच आहे’ लिहिलं तर काय होतं? मग एका तारखेची दोन नावं यादीत बसूच शकत नाहीत, आणि दुसरी ओळ तर म्हणते दोघांनाही बसवा. दोन्ही ओळी खऱ्या करणारा प्रोग्राम जगात कुणालाच लिहिता येणार नाही. हे तुम्हाला एक ओळ कोड लिहायच्या आधी, टेबलावर बसून, चहा पिता पिता कळतं. मला कोयता न पडलेल्या सरीत उभं राहून कळलं.

अजून एक प्रश्न त्यातनं निघाला. दोघांची तारीख एकच, मग पहिला कोण? माझ्या दोन ओळी त्यावर काही बोलत नाहीत, दोन्ही क्रम त्यांना चालतात. मी शेती अधिकाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले तसा काही नियम नाही, चिटबॉय बघतो. म्हणजे इतकी वर्षं हा निर्णय चिटबॉय घेत होता आणि कारखान्याच्या कुठल्याही कागदावर तो नव्हता. मग संचालकांच्या मीटिंगमध्ये विषय गेला आणि ठरलं की ज्याची नोंद आधी तो आधी. तिसरी ओळ. मला विचाराल तर स्पेसिफिकेशनचा खरा फायदा हा आहे, न घेतलेले निर्णय उघडे पडतात. हे मी सगळीकडं सांगत फिरतो, बँकेत सांगितलं, कॉलेजात सांगितलं, आता इथं सांगतोय.

ही काही माझी अक्कल नाही. कॉम्प्युटरशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगनं जून १९४९ मध्ये केंब्रिजला एक छोटा निबंध वाचला, मोठा प्रोग्राम तपासायचा कसा यावर. त्यानं उदाहरण दिलं ते आपल्या शाळेतल्या बेरजेचं. मोठी बेरीज तपासायला द्यायची तर नुसतं उत्तर देऊ नका, हातचे लिहून द्या, म्हणजे तपासणाऱ्याला एकेक रकाना वेगळा तपासता येतो. प्रोग्रामचंही तसंच, मधेमधे ‘इथं हे खरं असलं पाहिजे’ असं लिहून ठेवा. हातचे! प्रोग्राम साठवून चालवणारी मशिनं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि हा माणूस तेव्हा हे सांगत होता. पुढं १९६७ मध्ये रॉबर्ट फ्लॉइडनं ते प्रोग्रामच्या फ्लोचार्टवर पद्धतशीर बसवलं आणि १९६९ मध्ये टोनी होअरनं त्याचे नियम करून दिले: आधी ही अट खरी असंल आणि हा प्रोग्राम चालून संपला, तर नंतर ती अट खरी असणारच. हा होअर म्हणजे क्विकसॉर्टवाला होअर, यादी लावायची सगळ्यात गाजलेली पद्धत ज्यानं काढली तोच.

कुणीतरी म्हणंल, हे जुनं झालं, आता टेस्टिंग लई सुधारलंय. यादी लावायचंच बघा. टिम पीटर्सनं २००२ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठी यादी लावणारं टिमसॉर्ट लिहिलं, उत्तम काम, पुढं ते जावात गेलं, अँड्रॉइडमध्ये गेलं, म्हणजे तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत आलं. २०१५ मध्ये नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी ते बरोबर आहे हे ‘KeY’ नावाच्या टूलनं सिद्ध करायला घेतलं, आणि सिद्ध होईना. का होईना म्हणून बघितलं तर चूक सापडली. मधे एक अट कायम खरी राहते असं कोडमध्ये टिपण होतं, आणि कोड ती अट प्रत्येक वेळी राखत नव्हता. मुद्दाम तशी बेतलेली मोठी यादी दिली की प्रोग्राम कोसळायचा. इतकी वर्षं, इतकी माणसं, इतक्या टेस्ट, आणि सापडलं ते सिद्ध करायला बसल्यावर. एड्सगर डायक्स्ट्रा हा कॉम्प्युटर शास्त्रज्ञ सांगून गेलाय, टेस्टिंगनं चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. मग थिअरी पटकन घेतो, खरं तर आजचा विषय तोच होता.

थिअरी म्हणजे दोन गोष्टी. एक, शब्दांची यादी: कुठल्या प्रकारच्या वस्तू आहेत आणि त्यांच्यावर कुठल्या क्रिया आहेत. दोन, त्या क्रियांबद्दलची विधानं, त्यांना स्वयंसिद्धं म्हणा. बस्स. लग्नाच्या पंगतीतली ताटांची चळत घ्या. क्रिया तीन: ठेव, काढ, वरचं बघ. विधानं दोन: ताट ठेवून लगेच काढलं तर चळत पहिल्यासारखी होते, आणि ताट ठेवून वरचं बघितलं तर तेच ताट दिसतं. यात चळत कशाची केलीय, कुठं ठेवलीय, याबद्दल एक शब्द नाही. जी कुठली रचना ही विधानं खरी करते ती त्या थिअरीचं मॉडेल. तुमचा प्रोग्राम हे एक मॉडेल, शेजारच्या कंपनीचा वेगळा प्रोग्राम हे दुसरं, दोन्ही बरोबर. आपल्या उद्यमनगरात ड्रॉइंग एक असतं आणि पार्ट दहा वर्कशॉपमधनं येतात, गेजमधनं गेला की पास, तसंच. जॉन गुटाग वगैरे मंडळींनी सत्तरच्या दशकात हे डेटा टाइपसाठी मांडलं.

रिफाइनमेंट म्हणजे जास्त विधानांची थिअरी. आपली तिसरी ओळ, नोंद आधी तो आधी, ती घातली की मॉडेलं कमी होतात, पण नव्या थिअरीचं प्रत्येक मॉडेल जुनीचंही मॉडेल असतंच, म्हणून पहिल्या दोन ओळी पुन्हा तपासाव्या लागत नाहीत. आणि मोठं स्पेसिफिकेशन लहान थिअऱ्या जोडून करायचं, हे रॉड बर्स्टॉल आणि जोसेफ गोगेन यांनी १९७७ मध्ये मांडलं. तारखांची थिअरी वेगळी, यादीची वेगळी, दोन्ही जोडताना ‘यादीतली तुलना म्हणजे तारखांची तुलना’ असा शब्दाला शब्द लावायचा आणि विधानं खरी राहतात ना ते बघायचं. तो जोड बघितला नाही की काय होतं त्याचं उदाहरण युरोपचं एरियन ५ रॉकेट. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू. एरियन ४ चा कोड जसाच्या तसा नव्या रॉकेटात घातला. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा ६४ बिटांतनं १६ बिटांत घालायचा होता, तिथं ३२७६७ च्या वर आकडा बसत नाही. जुन्या रॉकेटात तो कधी तेवढा व्हायचा नाही, नव्यात झाला. रॉकेट साधारण ४० सेकंदांत गेलं. कोड जुन्या जगात बरोबर होता. जगाबद्दलची अट स्पेसिफिकेशनमध्ये नव्हती.

आणि हे जमतं, बरं का. पॅरिस मेट्रोची १४ नंबरची लाइन १९९८ मध्ये सुरू झाली, ड्रायव्हर नाही, तिच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर ज्याँ-रेमाँ आब्रियालच्या बी पद्धतीनं स्पेसिफिकेशनपासून कोडपर्यंत सिद्ध करत आणलं. ॲमेझॉनची मंडळी लेस्ली लॅम्पोर्टची टीएलए प्लस ही स्पेसिफिकेशन लिहायची भाषा वापरतात. आता तर कोड एआय लिहून देतंय, दोन मिनिटांत देतंय, माझ्या ऑफिसातली पोरं रोज घेतात. त्याला सांगायचं वाक्य मात्र अजून आपणच लिहितो, आणि परवा एका पोरानं लिहिलेलं मी बघितलं: ‘ग्राहकांची यादी तारखेप्रमाणं लावून दे’. मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

साहेब उभे राहिलेत, थांबतो. त्या गटाची नोंदवहीची झेरॉक्स आणि ती पट्ट्यांची यादी, दोन्ही आज घेऊन आलोय, बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवलीय. यादीत पेन्सिलीनं ४३ नावं लिहिलेली आहेत. त्यातली ४२ माझ्या अक्षरात आहेत आणि सतरा नंबरच्या पानावरचं एक तात्यांच्या.