घरी बांधलेलं विमान आणि दक्षिण ध्रुवाचा हिशेब

(पडद्यावर: नकाशा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाचं इन्व्हरकार्गिल, तिथून खाली उतरणारी रेघ.)

डिसेंबर २००३. जॉन जोहानसन इन्व्हरकार्गिलहून एकटेच दक्षिण ध्रुवाकडे निघाले. बेत होता ध्रुवावरून थेट पलीकडे अर्जेंटिनाला उतरायचा. ऑस्ट्रेलियाच्या या वैमानिकाने तोवर तीनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली होती: १९९५, १९९६ आणि २०००मध्ये. विमान तेच, स्वतः बांधलेलं आरव्ही-४.

कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. त्याचा आराखडाही त्यांचाच. जोहानसन यांचं विमान अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटमधलं. पण किट म्हणजे चार बोल्ट आवळून काम संपलं, असं नाही. आरव्ही-४च्या पत्र्यांना आधी भोकं पाडून मिळत नसत. सांगाडा जिगवर, म्हणजे भाग जागच्या जागी पकडणाऱ्या चौकटीवर, सरळ रेषेत धरायचा, भोकं स्वतः पाडायची आणि पत्रे जोडणारे हजारो रिव्हेट ठोकायचे. पंखाच्या पुढच्या कडेतली टाकी सीलंट भरून बंद करायची. तिथे एक रिव्हेट झिरपला, तर पुढे समुद्रावर त्याचा हिशेब द्यावा लागतो.

(पडद्यावर: आरव्ही-४ची आकृती, टाक्या रंगवलेल्या.)

हे विमान दोन आसनांचं, एकामागे एक. रिकामं वजन साधारण ४१० किलो. कारखान्याने ठरवलेलं कमाल वजन ६८० किलो. मूळ टाक्यांत मावतं सुमारे १२० लिटर. म्हणजे चार-साडेचार तासांचं उड्डाण.

आता मार्ग बघा. इन्व्हरकार्गिल ते ध्रुव सुमारे ४,८५० किलोमीटर. ध्रुवापासून अर्जेंटिनाचं दक्षिण टोक आणखी ३,९००. वारा नसताना, ताशी २६० किलोमीटर वेगाने हे अंतर कापायला जवळपास ३४ तास लागतात. मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, ठेवून, इंजिन निम्म्याहून थोड्या अधिक ताकदीवर चालवलं आणि ताशी २५ लिटर खर्च धरला, तर लागतात ८५० लिटर. एव्हगॅसचं, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचं, एक लिटर भरतं ०.७२ किलो. गुणाकार करा: ६१० किलो. रिकाम्या विमानाच्या दीडपट वजनाचं इंधन!

हा हिशेब आमचा, ढोबळ. पण अशा उड्डाणाचा खरा प्रश्न त्यातच दिसतो.

इतकं इंधन ठेवायचं कुठे? पहिली जागा पंखात, मूळ टाकीच्या बाहेरच्या बाजूला, पुढच्या कडेत. उडताना पंख वर उचलू पाहतो आणि तिथलं वजन त्याला खाली दाबतं. त्यामुळे पंखाच्या मुळाशी येणारा ताण कमी होतो. जोहानसन यांची ही जादा टाकी पुढे इतर आरव्ही बांधणाऱ्यांनीही बसवली. दुसरी जागा मागच्या आसनाची. ती त्रासाची. आरव्ही-४चा गुरुत्वमध्य मागे सरकला की एलिव्हेटर, म्हणजे नाक वरखाली करणारी शेपटीची फळी, हलका होतो, बोटभर ओढलं तरी नाक उसळतं. म्हणून मागची टाकी लवकर रिकामी करायची.

त्यातही एक मेख आहे. जादा टाकीतलं इंधन पंपाने मुख्य टाकीत येतं. मुख्य टाकी भरलेली असताना पंप सुरू केला, तर ते व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, बाहेर सांडतं आणि कॉकपिटमधून ते दिसतही नाही. आधी मुख्य टाकीतलं इंधन वापरून जागा करायची, मगच पंप. घड्याळ लावून, प्रत्येक वेळी कागदावर नोंद करून.

आणि उड्डाण? ६८०च्या जागी ११२० किलो: विमान ४१०, इंधन ६१०, वैमानिक आणि सामान १००. स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलत नाही तो वेग, वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: ताशी ८७ किलोमीटरचा होतो जवळपास ११२. धावपट्टी लांब लागते, चढण मंदावते, पहिले काही तास तीव्र वळण घ्यायचं नाही. सुदैवाने उंची लागते शेवटी. ध्रुवाचा बर्फ २,८३५ मीटरवर आहे, वाटेतले ट्रान्सअंटार्क्टिक डोंगर त्याहून उंच. तिथे पोचेपर्यंत बरंच इंधन जळून विमान हलकं झालेलं असतं.

(पडद्यावर: इंजिनाची ब्रीदर नळी, जवळून.)

थंडीत पहिला घात करते ही नळी. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या पेटीतली, वाफ हिच्यातून बाहेर पडते. टोकाशी बर्फ धरला की आतला दाब वाढतो, क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, पुढचं सील निसटतं आणि तेल वाहून जातं. उपाय अगदी साधा: काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत, उबदार जागी नळीला एक छोटी फट ठेवायची. इंधनातलं पाणीही गोठतं, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात, जास्तीत जास्त १ टक्का. चुंबकीय होकायंत्र दक्षिणेकडे सुस्तावतं, भरवसा जीपीएसवर. व्हीएचएफ रेडिओ क्षितिजापलीकडे ऐकू येत नाही, म्हणून दूरवर पोचणारा एचएफ रेडिओ आणि त्याच्या अँटेनाची लांब तार.

या सगळ्याची तयारी करता येते. वाऱ्याची करता येत नाही. ताशी ३० किलोमीटरचा समोरचा वारा सतत राहिला, तर वरच्या हिशेबात साडेचार तास आणि ११० लिटर वाढतात.

जोहानसन ध्रुवावरून गेले. घरी बांधलेल्या एक इंजिनी विमानातून एकट्याने तिथवर जाणारे ते पहिले. पण समोरच्या वाऱ्याने इंधन खाल्लं होतं. अर्जेंटिना सोडून ते १,३५० किलोमीटर मागे, मॅकमर्डोच्या अमेरिकी तळावर उतरले. एकूण २६ तासांहून अधिक, सरासरी ताशी जेमतेम २३५ किलोमीटर.

तिथे अमेरिका आणि न्यूझीलंड, दोघांनीही इंधन विकायला नकार दिला. खासगी मोहिमांना आधार द्यायचा नाही, हे त्यांचं धोरण. ऑस्ट्रेलियात त्यावरून बराच गदारोळ झाला. आमच्या मते धोरणात तथ्य होतं: तिथलं प्रत्येक पिंप संशोधनासाठी आणलेलं असतं. मॅकमर्डोला वळायचा जोहानसन यांचा निर्णयही बरोबरच. उणीव आधीच्या आखणीत होती. पर्यायी धावपट्टी नकाशावर असून भागत नाही, तिथे आपल्या नावाचं इंधन असावं लागतं.

असं इंधन तिथे एका महिला वैमानिकाचं होतं. ब्रिटनच्या पॉली व्हॅचर यांनी स्वतःच्या अंटार्क्टिका उड्डाणासाठी ते मॅकमर्डोला ठेवलं होतं. वाऱ्यापायी त्यांचा बेत रद्द झाला आणि त्यांनी ते जोहानसन यांना दिलं. इन्व्हरकार्गिलपर्यंत साडेतीन हजार किलोमीटर, १४ तास, सुमारे ४०० लिटर. आठवडाभराने जोहानसन तिथे परत उतरले.