दुसरी डिस्क

(पुण्यात एका मासिक बैठकीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, नमस्कार. माइक राहू द्या, मास्तरचा गळा आहे. शेवटच्या रांगेत ज्यांना ऐकू येत नसेल त्यांनी हात वर करा. बघा, एकही हात नाही. वर्गातही मी हेच विचारतो आणि दरवर्षी माझी खात्री पटते की सगळ्यांना उत्तम ऐकू येतं.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'जुन्या रोल-प्लेइंग गेमची नव्या कन्सोलवर पुनर्भेट'. रोल-प्लेइंग गेम म्हणजे एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायची तो. विषय माझा, 'पुनर्भेट' हा शब्द संयोजकांचा. आणि माझं भांडण नेमकं त्या 'पुनर्'शी आहे. जपानमधल्या किंवा अमेरिकेतल्या ज्या पोराने १९९७ साली फायनल फँटसी सेव्हन हा तसला गेम दुकानातून घरी आणला, तीन डिस्कचा डबा उघडला, पुस्तिका चाळली, आणि आता पंचेचाळिशीला आल्यावर निंटेंडोच्या स्विच या कन्सोलवर तोच गेम पुन्हा उतरवला, त्याची ती पुनर्भेट. आपली कसली? आपल्या हाती तेव्हा जे लागलं ती गेमची उडत उडत आलेली बातमी होती. आपण आत्ता कुठे पहिल्यांदा भेटतोय.

याला पुरावा म्हणून आकडेवारी नाही माझ्याकडे. एक गोष्ट आहे. ती आटोपली की तीन मुद्दे आहेत, कागदावर लिहून आणलेत.

१९९९ची दिवाळी. माझा मामा मस्कतला होता, त्याने प्लेस्टेशन आणलं. तोवर आमच्याकडे व्हिडिओ गेम म्हणजे ते पिवळं काडतूस, वर लिहिलेलं '९९९९ इन वन'. इथे हसणाऱ्यांची वयं मला कळली. त्यात गेम असायचे सात-आठ, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॉन्ट्रा, मारिओ, बदकं मारायचा तो. रोल-प्लेइंग गेम त्यात नसायचेच. त्या गेमना चाळीस-चाळीस तास लागतात, म्हणजे आज खेळलेलं उद्यापर्यंत कुठेतरी ठेवायला हवं. अस्सल काडतुसात त्यासाठी बारकी बॅटरी असायची. आमच्या काडतुसात बॅटरी घालण्याइतका उदार कोण बसला होता?

जपानी पोरांनी तर त्याच्याही आधीचे दिवस काढलेत. १९८७च्या ड्रॅगन क्वेस्ट टूमध्ये खेळ थांबवताना पडद्यावर अक्षरांचा एक मंत्र यायचा, बावन्न अक्षरांपर्यंत लांब. तो वहीत उतरवायचा आणि उद्या जसाच्या तसा भरायचा. त्याचं नावच 'पुनरुज्जीवनाचा मंत्र'. एक काना-मात्रा चुकला की राजपुत्र गेला. पुढच्या वर्षी तिसऱ्या भागात बॅटरी आली, तर कधीकधी ती दगा द्यायची आणि गेम भेसूर सूर वाजवून सांगायचा की क्षमस्व, तुमची साहसाची वही पुसली गेली. भरकटलो. मस्कत.

मामाने यंत्र आणलं, दोन कंट्रोलर आणले, मेमरी कार्ड आणलं नाही. दुकानदाराने विचारलं होतं म्हणे. मामा म्हणाला, "ती पट्टी कशाला? जास्तीचे पैसे काढायची कामं." मामा आज समोर बसलेत, म्हणून इथेच थांबतो.

गेम आणायला आम्ही तापकीर गल्लीत गेलो. नकली डिस्क चालावी म्हणून आधी यंत्रात चिप बसवून घ्यावी लागली, मग डिस्क. पारदर्शक पिशवीत, वर निळ्या स्केचपेनने 'एफएफ ७'. दीडशे रुपये. डिस्क तीन आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी साडेचारशे रुपये कुणाकडे होते?

घरी येऊन लावली तर चित्र कृष्णधवल. ती कॉपी अमेरिकन डिस्कची होती, म्हणजे एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-पद्धतीची. आपले टीव्ही पॅल पद्धतीचे. चित्र उमटायचं, पण रंगाचा संकेत टीव्हीला उलगडायचा नाही. हे कारण मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कळलं. तेव्हा आम्ही धरून चाललो की गेमच काळापांढरा आहे. आणि गंमत अशी की शोभलाही. गेम सुरू होतो मिडगर नावाच्या शहरात, धूर, लोखंड, पाइप, काजळी. आम्हाला वाटलं, वा, काय कल्पना आहे!

आता दृश्य डोळ्यांसमोर आणा. टीव्हीसमोर चार पोरं. तिघं मराठी माध्यमाची, एक माझा आतेभाऊ, इंग्रजी माध्यमाचा. तो आमचा अधिकृत दुभाषा, शिवाय पाहुणा, म्हणून कंट्रोलर जास्त वेळ त्याच्याकडे. पहिल्या रिअॅक्टरमध्ये, म्हणजे गेममधल्या वीजकेंद्रात, पहिला मोठा शत्रू येतो, यांत्रिक विंचू. लढता लढता तो शेपटी वर करतो आणि पडद्यावर सूचना येते. आतेभाऊ मोठ्याने वाचतो, "शेपटी वर असताना मार!" आम्ही मारतो. विंचू लेझर सोडतो. पुन्हा मारतो, पुन्हा लेझर. गेममधले आमचे दोघंही आडवे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीने, तिला कुणी खेळायला घेत नव्हतं, दारातून विचारलं, "शेपटी वर असताना गप्प बसून बघा ना." जमलं! आतेभावाचं इंग्रजी कच्चं निघालं म्हणून आम्ही त्याला वर्षभर छळलं. आणि चूक त्याची नव्हती हो! इंग्रजी भाषांतरच तसं होतं. एका खिडकीत 'शेपटी वर असताना हल्ला कर', पुढच्या खिडकीत 'तो लेझरने उलट वार करेल'. मूळ म्हणणं, 'शेपटी वर असताना मारलंस तर उलट वार होईल'. वाक्य दोन खिडक्यांत तुटलं आणि मधला 'तर' पडला. त्या एका 'तर'पायी किती देशांतली पोरं भाजली असतील. आतेभाऊ आता टोरोंटोला असतो. मी त्याला २०१९ साली फोन करून रीतसर माफी मागितली.

मेमरी कार्ड नाही, म्हणजे यंत्र बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आम्ही ते बंदच करायचो नाही. रात्री टीव्ही बंद, यंत्र चालू, वर आईची नजर जाऊ नये म्हणून वर्तमानपत्र. सोमवारी सुरू केलं की बुधवार रात्रीपर्यंत बरंच पुढे जायचो. आणि मग गुरुवार. पुणेकरांना पुढचं सांगायला नको. (हशा) सकाळी लाइट जायची, आणि तिच्याबरोबर आम्ही सगळे परत आगगाडीच्या छपरावर, जिथे गेम सुरू होतो तिथे. मिडगरचे पहिले पाच-सहा तास मला आजही रामरक्षेसारखे पाठ आहेत. शहराच्या वेशीबाहेर जग आहे, नकाशा आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मे महिन्यात शेवटी कार्ड आलं. वेस ओलांडली. सुट्टी संपता संपता त्या जागेपाशी पोचलो, एरिस, नायकाच्या सोबतची मुलगी, प्रार्थनेला बसलेली असते तिथे. ज्यांनी अजून खेळला नसेल त्यांनी कानांवर हात ठेवा. गेमला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे मी दोषी नाही. एरिस मरते. नायक तिला उचलून पाण्यात सोडतो. आम्ही चौघं गप्प. आणि मग पडद्यावर अक्षरं येतात, दुसरी डिस्क घाला.

दुसरी डिस्क!

तापकीर गल्लीत धावलो. त्याने शांतपणे एक पिशवी काढून दिली, वर 'एफएफ ७ / २'. पुन्हा दीडशे. घरी लावली तर मोटारींची शर्यत. परत गेलो तर म्हणाला, "उघडलेला माल परत नाही."

वाचनालयातल्या रहस्यकथेची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलेली असायची, आठवतं? आमची तीच गत. पुढची एकोणीस वर्षं माझ्या लेखी तो गेम तिथेच संपत होता. काळापांढरा, आणि शेवटी मुलगी मरते. एखाद्या जुन्या युरोपियन सिनेमासारखा. मी कॉलेजात त्यावर भाषणं ठोकली आहेत की काय धाडसी शेवट केलाय!

मग २०१९च्या मार्चमध्ये तो स्विचवर आला आणि मी घेतला. पहिल्याच दृश्यात एरिसच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, माकोचा. तो हिरवा असतो. गडद, चमकता हिरवा! मंडळी, सबंध गेम त्या हिरव्यावर उभा आहे. ग्रहाचं रक्त शोषून वीज करतात त्याचा तो रंग. आणि तिचा झगा गुलाबी. मी खेळ थांबवून नुसता बघत बसलो. पुढे ती जागा आली, ती मेली, पाण्यात गेली, आणि गोष्ट सरळ पुढे चालू झाली. डिस्क मागितली नाही. मागणार कुठून?

सर चिठ्ठी पाठवताहेत. 'सात मिनिटं'. पाऊण तास झाला? असू दे, मुद्दे घेतो.

पहिला, सामग्रीचा. पुनःप्रकाशन म्हणजे जुनी फाइल नव्या यंत्रात टाकणं, हा गैरसमज आहे. फाइल असली तर टाकाल ना! किंग्डम हार्ट्स हा गेम २००२चा, त्याची २०१३ची एचडी आवृत्ती करताना कंपनीला आढळलं की मूळ सामग्री हरवली आहे, ती पुन्हा घडवावी लागली. स्विचवरच्या सेव्हनमध्ये पात्रं धारदार आणि मागची चित्रं धूसर दिसतात, कारण ती चित्रं त्या काळच्या टीव्हीच्या मापाने आधीच रंगवून ठेवलेली आहेत. ओल आलेल्या भिंतीवर नवं कालनिर्णय लावल्यासारखं दिसतं. माझी तक्रार नाही. मी भिंतीसकट घेतला असता.

दुसरा, वेळेचा. या आवृत्त्यांत तिप्पट वेग असतो, वाटेतल्या लढाया बंद करता येतात. कट्टर लोक याला पाप म्हणतात. त्यांना पोरंबाळं नसावीत. पण एक सांगतो, लढाया बंद करून मिडगर ओलांडलात तर ते शहर राहत नाही, बोळ राहतो. मी तिप्पट वेग वापरतो, लढाया चालू ठेवतो. दोन्ही सोयी न वापरणाऱ्याला माझा नमस्कार.

तिसरा, दुरुस्तीचा. हा खरा मुद्दा होता. फायनल फँटसी सिक्सचा पिक्सेल रीमास्टर, म्हणजे उजळून काढलेली नवी आवृत्ती, २०२२ला आला तेव्हा सगळ्यात जास्त ओरड झाली अक्षरांवरून. फॉन्ट बारीक, जुन्या चित्रांशी विसंगत. २०२३ला कन्सोलवर आणताना जुन्या वळणाच्या फॉन्टचा पर्याय दिला, मूळ संगीताचाही दिला. म्हणजे ज्याची जशी आठवण तसा गेम. उत्तम. पण ही सोय ज्यांची आठवण धड होती त्यांच्यासाठी. माझी आठवण कुठल्या मेनूत सापडणार? मी घरी टीव्हीचा रंग शून्यावर आणून विंचवापर्यंत खेळून पाहिला. खोटं सांगत नाही, तोच खरा वाटला. मग हिरव्याची आठवण यायला लागली आणि रंग परत वाढवला.

आणि भाषेचा मुद्दा, मराठीत यातलं काहीच नाही, त्या पडलेल्या 'तर'चं आपण काय केलं असतं... हो, हो, थांबतो. तो चहाच्या वेळी बोलू. ती मोटारींच्या शर्यतीची डिस्क मी आणली आहे, कुणाला बघायची असेल तर. मामा, तुम्हीही बघा.