डायलच्या दोऱ्या

(दृश्य: अंधारं दुकान. स्विचचा खटका. रेडिओच्या डायलमागचा दिवा लागतो.)

व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला जुना रेडिओ लावल्या लावल्या बोलत नाही. आधी दिवा लागतो, मग आतल्या काचेत तारा लालसर होतात, मग नुसती घरघर. तोवर थांबायचं असतं.

काका थांबलेत. साताऱ्यात मोती चौकापासून जरा आत त्यांचं हे दुकान आहे. चाळीसेक वर्षं ते इथं रेडिओ दुरुस्त करताहेत.

(दृश्य: जवळून. चिमट्यात धरलेली दोरी. चाकांवरून फिरणारी बोटं.)

डायलवरचा काटा सरकतो तो या दोरीमुळे. बटणाच्या दांड्याला तिचे दोनतीन वेढे असतात. तिथून ती छोट्या चाकांवरून जाते, आत स्टेशन बदलणाऱ्या गँग कंडेन्सरच्या मोठ्या चाकाला गुंडाळली जाते आणि एका स्प्रिंगला अडकते. ताण सगळा त्या स्प्रिंगवर. एक वेढा उलटा पडला तर तुम्ही बटण उजवीकडे फिरवता आणि काटा डावीकडे पळतो.

प्रत्येक मॉडेलची दोरी वेगळ्या वाटेनं जाते. ती तुटली आणि जुनी वाट माहीत नसली, तर एका दोरीपायी अर्धा दिवस जातो.

(दृश्य: वही. पेन्सिलीच्या आकृत्या, बाण, आकडे. पानावर तेलाचा डाग.)

ही काकांची वही. उघडलेल्या प्रत्येक रेडिओची दोरी त्यांनी अशी काढून ठेवली आहे. बाण म्हणजे दोरीची दिशा, आकडा म्हणजे वेढे. मर्फी, बुश, फिलिप्स. या आकृत्या त्यांनी कुठल्या पुस्तकातून उतरवलेल्या नाहीत, रेडिओ उघडून बघून काढल्या आहेत. आणि सबंध जगात त्यांची ही एकच प्रत आहे.

म्हणून काकांनी ब्लॉग लिहायला घेतला. मराठीत. आम्ही गेलो ते हे बघायला, की वहीतलं पान इंटरनेटवर ठेवायला माणसाला नेमकी कुठली अवजारं लागतात.

(दृश्य: जुना संगणक. पडद्यावर अगम्य अक्षरं.)

हा पहिला प्रयत्न नव्हे. पूर्वी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून काकांनी चाळीस पानं टाइप करून घेतली होती. ती पानं आज उघडली की अशी दिसतात. कंस, डॉलरची खूण, अवतरणचिन्हं, मध्येच एखादं इंग्रजी अक्षर.

इथं झालंय काय, ते समजून घेण्यासारखं आहे. जुने मराठी फॉन्ट म्हणजे मराठी मुखवटे होते. संगणक आत साठवायचा इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक, आणि फॉन्ट त्यांना वरून ‘क’ किंवा ‘म’ चा चेहरा चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मुखवटा गळून पडतो. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरलेली एकच क्रमांकांची यादी. त्यात असं होत नाही. 1991 साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे 128 क्रमांक राखून दिलेले आहेत. ‘म’ चा क्रमांक साताऱ्यात जो, तोच टोकियोत. फॉन्ट कुठलाही लावा, आत ‘म’ च राहतो.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. काकांची चाळीसही पानं त्यातून काढली. जोडाक्षरं हातानं तपासावी लागली, पण पानं परत मिळाली. तुमच्या कपाटात अशी एखादी सीडी पडून असेल, तर हे काम आधी करा.

(दृश्य: कीबोर्ड. कळांवर पांढरे स्टिकर. दोन तर्जन्या.)

आता टायपिंग. काका इनस्क्रिप्ट शिकले. हा कीबोर्ड भारत सरकारनं प्रमाण म्हणून ठरवलेला आहे. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये तो आधीपासून असतोच, फक्त सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची. पैसे नाहीत, डाउनलोडही नाही. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवायची असेल त्यांच्यासाठी विंडोज 10 मध्ये 2019 पासून मराठी फोनेटिकही आहे. पण मी आग्रह धरेन तो इनस्क्रिप्टचाच, आणि त्याला कारण आहे.

(दृश्य: हाताचा क्लोजअप.)

या मांडणीत स्वर डाव्या हाताला आहेत, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’ च्याच कळेवर शिफ्ट दाबलं की ‘ख’. ‘ग’ वर ‘घ’, ‘त’ वर ‘थ’, ‘प’ वर ‘फ’. शाळेत घोकलेली मुळाक्षरंच बोटांखाली येतात. आणि कन्नड किंवा गुजराती लिहिणाऱ्यालाही ‘क’ त्याच कळेवर सापडतो.

बघा, काका ‘दोऱ्या’ हा शब्द लिहिताहेत. द. त्यावर ओकार. मग शिफ्ट दाबून जे, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ. मग डी, म्हणजे पाय मोडायचा. मग य. मग काना. सहा कळा, आणि पडद्यावर अर्धचंद्रासारखा वळलेला तो मराठी ‘ऱ्य’ उमटला. साधा र घेतला असता, तर य च्या डोक्यावर रफार बसून ‘दोर्या’ झालं असतं. इंटरनेटवर मराठीत हे असलं जागोजागी दिसतं. दुसर्या, सार्या, वार्यावर. आपल्याला वाचताना खटकत राहतं, आणि उपाय एका कळेचा असतो.

“पहिलं पान लिवायला तीन दिवस लागले बघ,” काका म्हणतात. “आता दोन तासांत हुतंय.”

(दृश्य: काका फोन तोंडाजवळ धरून बोलताहेत. मागे काकू चहा ठेवतात.)

फोनवर जीबोर्ड आहे, गूगलचा कीबोर्ड. गूगलचं बोलून टाइप करणं मराठीत 2017 साली आलं. दुरुस्ती करता करता हात तेलकट असतात, तेव्हा काका फोनला सांगतात, आणि संध्याकाळी बसून शब्द नीट करतात. यंत्राच्या भागांची नावं बोलून टाइप करताना हमखास चुकतात. ती हातानंच भरायची.

(दृश्य: ब्लॉगरचा पडदा.)

ब्लॉगसाठी जागा कुठली घ्यायची? काकांनी ब्लॉगर घेतलं. ते 1999 पासून चालू आहे, 2003 साली गूगलनं विकत घेतलं. फुकट आहे, मराठीतून वापरता येतं, आणि देखभाल काहीही नाही. दुसरी वाट वर्डप्रेसची. तीही 2003 चीच, मुक्त स्रोत, हवं तसं वाकवता येतं. पण स्वतःच्या जागेवर चालवायचं तर होस्टिंगचे, म्हणजे जागेच्या भाड्याचे पैसे, अपडेट, प्लगइन नावाचे जोडभाग हे सगळं आपल्या गळ्यात. एकट्यानं लिहिणाऱ्या माणसानं ब्लॉगरवर सुरुवात करावी असं माझं मत आहे. दोनेक वर्षं लिहिणं टिकलं, की पुढचं बघता येतं.

(दृश्य: शीर्षकाची चौकट. कर्सर लुकलुकतो.)

इथं एक खाचखळगा आहे, आणि मराठीत लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यात पडतो. देवनागरीत शीर्षक दिलं की ब्लॉगरला त्यातून पत्ता तयार करता येत नाही. मग लेखाच्या लिंकमध्ये नुसतं ‘ब्लॉग पोस्ट’ आणि पुढे कुठला तरी आकडा येतो. शंभर लेख, शंभर ‘ब्लॉग पोस्ट’. म्हणून प्रकाशित करण्याआधीच उजव्या बाजूच्या परमालिंकमध्ये, म्हणजे लेखाच्या पत्त्यात जायचं आणि रोमन लिपीत दोनतीन शब्दांचा पत्ता स्वतः लिहायचा. मर्फी, डायल, दोरी. एवढं पुरतं.

वर्डप्रेस देवनागरी पत्ता ठेवतं, पण तिथं दुसरी अडचण. लिंकमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरांचं होतं, आणि पत्त्याला मर्यादा 200 अक्षरांची. म्हणजे बाविसाव्या चिन्हाशी तुमचं शीर्षक तुटतं. काने-मात्राही त्यात वेगळे मोजायचे. तिथंही पत्ता हातानंच लिहावा.

स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल तर वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर पडतात. ‘डॉट भारत’ 2014 पासून देवनागरीत मिळतं.

(दृश्य: पडद्यावर मोठ्ठं शीर्षक. शिरोरेषा जागोजागी तुटलेली.)

हे दृश्य जरा वेळ ठेवलंय. बघा, शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटली आहे. थीम, म्हणजे ब्लॉगचा तयार साचा, बनवणाऱ्यानं रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून अक्षरांतलं अंतर वाढवलं, आणि आपली रेघ फाटली. थीमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, लेटर स्पेसिंग शून्य करायचं. ओळींतलं अंतर दीडपटीहून थोडं जास्त ठेवायचं, नाहीतर खालचे उकार आणि वरचे रफार एकमेकांना भिडतात. फॉन्ट मुक्ता घ्या किंवा नोटो सान्स देवनागरी. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त परवान्याचे. मुक्ता तर मुंबईच्या एक टाइपनं घडवलेला आहे.

आणि थीमच्या सुरुवातीला जो एचटीएमएल टॅग असतो, त्यात भाषा ‘एमआर’ (mr) अशी लिहा. एवढं केलं की काही फॉन्ट आपोआप आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ दाखवायला लागतात. राज्य शासनानं 2009 च्या निर्णयात प्रमाण ठरवलेली अक्षररूपं हीच.

(दृश्य: वहीच्या पानावर फोन आडवा धरून फोटो. खिडकीतला उजेड.)

फोटो खिडकीजवळ काढतात, फ्लॅश नाही. फोनमधला फोटो चारपाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला, तर खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडायला वेळ लागतो. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, फोटो तुमच्या यंत्राबाहेर जात नाही. रुंदी 1200 पिक्सेल करायची, आकार काही शे केबीवर येतो. फोटो कुठं काढला ती नोंद फोटोच्या पोटात असते, तीही यात गळते. घरबसल्या फोटो काढणाऱ्यांना हे महत्त्वाचं.

(दृश्य: काका चष्मा पुसतात. पडद्यावर शब्दकोश.)

शब्दांसाठी काका दोन जागा उघड्या ठेवतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असलेले मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचे कोश. परिभाषेत धारित्र आहे, दुकानात कंडेन्सर आहे. काका कंडेन्सरच लिहितात, आणि लेखात एकदा कपॅसिटरही लिहून ठेवतात, शोधणाऱ्याला सापडावं म्हणून. मला हे पटतं. गिऱ्हाईक जो शब्द बोलतं तो लेखात असलाच पाहिजे.

गूगलवर शोधणाऱ्याला सापडावा म्हणून ब्लॉगचा पत्ता गूगल सर्च कन्सोलमध्ये एकदा नोंदवला. त्याचे पैसे नाहीत.

(दृश्य: दोन फोटो शेजारी शेजारी. वहीतली आकृती, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावरचा रेडिओ.)

काकांच्या आकृतीवरून बाहेरगावच्या तिघांनी आपापल्या रेडिओची दोरी लावली.

(दृश्य: सेटिंगचं पान. बॅकअप.)

आता शेवटचं अवजार. फुकट जागा मालकीची नसते. लोकांना फुकट पानं बांधू देणारं जिओसिटीज 1994 साली सुरू झालं, 2009 मध्ये बंद झालं, आणि लोकांनी हौसेनं बांधलेली पानं नाहीशी झाली. इंटरनेट अर्काइव्हसारख्या संस्थांनी जेवढी उतरवून घेतली, तेवढी आज बघता येतात. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला काका सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या ब्लॉगची प्रत उतरवतात. फोटोंच्या मूळ प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये. नवा लेख टाकला की त्याची लिंक इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करायला देतात. त्याला मिनिटही लागत नाही.

(दृश्य: पेनड्राइव्ह. व्हॉल्व्हचं रिकामं पुठ्ठ्याचं खोकं. पेन्सिलीनं तारीख लिहिणारा हात.)

पेनड्राइव्ह दोन आहेत. एक मुलीकडे पुण्याला असतो. दुसरा इथं, ईएल 84 व्हॉल्व्हच्या खोक्यात, वहीच्या शेजारी.

(मूळ आवाज: घरघर. काका बटण फिरवतात. काटा उजवीकडे सरकतो.)