पेन्सिल, अंगठा आणि डांबरातली भेग

नमस्कार श्रोतेहो.

फाटकातून आत शिरल्यापासून गाडी उभी करतो तिथपर्यंतची डांबरी वाट. तिला भेग पडते तेव्हा बहुतेकांचं लक्षही जात नाही. मग एके दिवशी त्या भेगेतून गवताचं पातं डोकं वर काढतं, आणि आपण दुकानात जाऊन विचारतो, "डांबराची भेग बुजवायला काय आहे हो?" दुकानदार फळीवरचा पहिला डबा काढून देतो. त्याचा तरी काय दोष? भेग किती रुंद, किती खोल, हे आपण त्याला सांगितलेलंच नसतं.

मी तर दुकानापर्यंतही गेलो नव्हतो. घरात अर्धं पोतं सिमेंट उरलं होतं. वाळू घालून कालवलं, भेगेत लिंपलं, वरून थापी फिरवली. काय सुरेख दिसत होतं! पण डांबर थंडीत आकसतं, उन्हात सैलावतं, आणि त्याबरोबर भेगही उघडझाप करते. सिमेंट आपलं ताठच्या ताठ. पहिल्याच थंडीत ती पट्टी कडेनं सुटली आणि खपलीसारखी हातात आली. येताना शेजारचं डांबरही घेऊन आली. म्हणजे भेग बुजली नाहीच, उलट रुंद झाली.

म्हणून आता मी खरेदीआधी एक पेन्सिल घेऊन बाहेर जातो. साधी शिसपेन्सिल, साधारण ७ मिलिमीटर जाडीची. ती भेगेत शिरत नसेल, तर काम सोपं. बाटलीतून ओतायचं पातळ फिलर पुरतं. केसासारख्या चिरा असतील तर तेही नको, सीलरचा, म्हणजे वरून फासायच्या पातळ लेपाचा, हात भागवतो. पेन्सिल सहज आत गेली, पण अंगठा जात नाही, अशी भेग असेल तर आधी खोली बघा. खोल भेगेत नुसतं फिलर ओतत बसलात तर बाटल्यांवर बाटल्या संपतील. फोमची गोल दोरी मिळते, ती भेगेपेक्षा किंचित जाड घ्यायची आणि दाबून आत बसवायची. दोरी नसेल तर कोरडी वाळू. वर साधारण १२ मिलिमीटर जागा ठेवायची, फिलर तेवढ्यातच.

अंगठा आरामात मावला, तर फिलरचा नाद सोडा. तिथे कोल्ड मिक्स हवं, म्हणजे थंडच वापरायचं, खडी मिसळलेलं डांबर. खड्डा खोल असेल तर एकदम न भरता थराथरानं भरा आणि प्रत्येक थर धुम्मसानं ठोका. शेवटचा थर थोडा उंच ठेवा, गाडीच्या चाकांनी तो आणखी बसतो.

रबर मिसळलेलं, तापवून ओतायचं सीलंटही असतं. टिकायला ते बाटलीतल्यापेक्षा सरस, भेगेबरोबर ताणलं जातं. पण ते दीडशे अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि अंगावर उडालं तर चिकटून भाजतं. हे काम सवयीच्या हातांना द्यावं, असं माझं मत.

आणि भेगांचं जाळं झालं असेल तर? सुसरीच्या पाठीसारखे तुकडे तुकडे दिसत असतील तर? तर काहीच विकत आणू नका. तिथे खालचा खडीचा थर खचलेला असतो. पाणी मुरून मुरून तो पोकळ होतो आणि गाडीचं वजन त्याला पेलत नाही. तेवढा चौकोन कापून, खालून नव्यानं खडी दाबून, वर डांबर घालावं लागतं. वरून कितीही महाग सीलर फासलं तरी जाळं पुन्हा उमटतं.

सीलरवरून आठवलं. आपण मराठीत दोन वेगळ्या पदार्थांना डांबरच म्हणतो. एक खनिज तेलातून निघणारं, रस्त्याचं. दुसरं दगडी कोळशापासूनचं, म्हणजे कोलटार. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचं नाव या दुसऱ्यावरून आलं, कारण त्यातलं नॅप्थलीन मुळात कोलटारमधून काढत. कोलटारच्या सीलरमध्ये कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं भरपूर असतात आणि पावसाबरोबर ती ओढ्यानाल्यांत जातात. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरानं २००६ साली त्यावर बंदी घातली. तेव्हा डब्यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा, आणि रस्त्याच्या डांबराचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, असेल तेच घ्या.

आता ओतायचं. पण आधी गवत मुळासकट उपटा, माती खरवडून काढा, भेग पूर्ण कोरडी होऊ द्या. धुळीला चिकटलेलं फिलर धुळीसकट निघून येतं. हवेत किमान १० अंश तरी ऊब हवी आणि दिवसभर पाऊस नको.

बाटलीतून ओततानाच ते तपकिरी दिसलं तर फसवणूक झाली असं समजू नका. इमल्शनमध्ये पाणी असतं; ते उडत जातं तसा रंग काळा होत जातो. दुसऱ्या दिवशी बघाल तर भेगेच्या मध्यावर पन्हळीसारखा खोलगटपणा आलेला असेल. तोही त्या उडालेल्या पाण्याचाच. त्यावर आणखी एक हात द्यावा लागतो, म्हणून पहिल्या दिवशी बाटली रिकामी करू नका. झाकण घट्ट लावून ठेवा.