हँडहेल्डचा कीपॅड कामाप्रमाणे कसा बदलायचा?

नमस्कार मंडळी. माझ्या हातात आहे झेब्रा कंपनीचा एमसी३३००, म्हणजे गोदामात बारकोड स्कॅन करायचं हातात धरायचं अँड्रॉइड मशीन. याचा कीपॅड २९, ३८ किंवा ४७ बटणांचा मिळतो. बटणं कमी असली की एकेका बटणावर दोन-तीन कामं येतात. माझा अंगठा बघा: आधी हे रंगीत बटण, मग उचलून वरचं दुसरं. एकदा करायचं असेल तर ठीक. दिवसभर माल मोजणाऱ्याचा अंगठा मात्र यानेच दुखतो, आणि हातमोजे घातले की शेजारचं बटण दाबलं जातं.

म्हणून रीमॅपिंग करायचं, म्हणजे बटणांची कामं बदलायची. पण त्याआधी एक तपासा. प्रत्येक स्कॅननंतर एंटर दाबावा लागतो म्हणून तुम्ही एंटरची जागा बदलायला निघाला असाल, तर कीपॅडला हात लावू नका. डेटावेजमध्ये, म्हणजे स्कॅन केलेला डेटा ॲपकडे पोचवणाऱ्या झेब्राच्या ॲपमध्ये, तुमच्या ॲपचं प्रोफाइल उघडा आणि बेसिक डेटा फॉरमॅटिंगमध्ये ‘सेंड एंटर की’ चालू करा. बारकोडच्या मागोमाग एंटर आपोआप जातो.

उरलेल्या बटणांसाठी झेब्रावर की-मॅपिंग मॅनेजर आहे. स्टेजनाऊ या झेब्राच्या सेटिंग करायच्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये प्रोफाइल बनवायचं, त्याचा बारकोड छापायचा आणि मशीनवर स्कॅन करायचा. मशीनं कितीही असोत, डोकं एकदाच लावायचं. हनीवेल या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच मशीनवर तर सेटिंग्जमध्येच की रीमॅप सापडतं.

एखाद्या बटणाला तुम्ही दुसऱ्या बटणाचा कोड देऊ शकता. अँड्रॉइडमध्ये एंटरचा कोड ६६, टॅबचा ६१, एफ१चा १३१. त्याच बटणाने स्कॅनही सुरू करता येतो, ॲप उघडता येतं, ॲपला इंटेंट (म्हणजे ‘हे काम कर’ असा अँड्रॉइडचा निरोप) पाठवता येतो, नाहीतर बटण बंदच करता येतं. इथे बरेच जण अडकतात: नुसतं बटण, निळ्या बटणासोबत दाबलेलं आणि शिफ्टसोबत दाबलेलं, या तिन्हींची मॅपिंग वेगवेगळी असते. एक बदललं म्हणून बाकीची बदलत नाहीत.

माझं आग्रहाचं सांगणं एकच आहे. हे मॅपिंग एका ॲपपुरतं नसतं, ते अख्ख्या मशीनला लागू होतं. समजा, टिंबाचं बटण फारसं लागत नाही म्हणून तिथे एफ१ बसवला. नग मोजताना मजेत चालेल. मग कुणीतरी वजनावर घेतलेल्या मालाचे १२.५ किलो टाकायला जाईल आणि टिंबच येणार नाही! म्हणून आकडे, टिंब आणि बॅक यांना शक्यतो धक्का लावू नका. खरंच रिकामं असणारं बटण शोधा.

बदल आधी एकाच मशीनवर करा आणि ते रोज वापरणाऱ्याकडे पूर्ण पाळीभर द्या. टेबलावर बसून अंगठ्याची अडचण कळत नाही. बटणावरची छपाई जुनीच राहणार, तेव्हा छोटं स्टिकर लावा. आणि सगळी मॅपिंग मूळ पदावर आणणारा रीसेटचा बारकोडही त्याच वेळी छापून सुपरवायझरकडे देऊन ठेवा.