कोणती ब्राह्मी?

[पाणथळ जागा. कॅमेरा जमिनीलगत.]

वेल म्हणायचं, पण ही कशावर चढत नाही. ओल्या मातीला धरून सरकत राहते आणि पेरापेरापाशी मुळं सोडते. पानं नखाएवढी, जाडसर, रसदार. फूल पांढरं, किंचित जांभळट, पाच पाकळ्यांचं. पान चावलं की कडूजहर. ही नीरब्राह्मी. वनस्पतिशास्त्रात बाकोपा मोनिएरी.

[वैद्यबाईंच्या तळहातावर दोन पानं, शेजारी शेजारी.]

आणि हे दुसरं पान. गोलसर, कडेला दाते, लांब देठ. मंडूकपर्णी, म्हणजे आपला कारिवणा. मराठीत ‘ब्राह्मी’ म्हणून अनेकदा हिच्याकडेच बोट दाखवलं जातं. खरं तर दोघींचं कूळही एक नाही. कारिवणा कोथिंबिरीच्या कुळातला. तेव्हा ब्राह्मीनं स्मरणशक्ती वाढते का, असं कुणी विचारलं की वैद्यबाई आधी उलट विचारतात: कोणत्या ब्राह्मीनं?

[पोथीची पानं. बोट ओळीवरून फिरतं.]

चरकसंहितेत बुद्धीला हितकर अशी चार मेध्य रसायनं सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा. या चौघांत ब्राह्मी या नावाची वनस्पती नाही! ती भेटते पुढं, चिकित्सास्थानाच्या १०व्या अध्यायात, अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, उपचारात. स्मृती निघून जाते तो अपस्मार, अशी तिथली व्याख्या आहे. आणि ब्राह्मी तिथं येते ती तुपात शिजून.

[कढई. पिवळं तूप, त्यात हिरवा रस.]

कल्क एक भाग, तूप चार भाग, ब्राह्मीचा रस सोळा भाग. कल्कात वेखंड, कुष्ठ नावाची मुळी आणि शंखपुष्पी. आच मंद. रसातलं पाणी आटेपर्यंत तूप उकळत्या पाण्यापेक्षा फारसं तापत नाही, म्हणून इतका वेळ शिजवूनही ते करपत नाही. घड्याळ कुणी बघत नाही, फेसाकडे बघतात. तेल सिद्ध होताना फेस वर येतो. तूप सिद्ध होताना आहे तो फेस बसतो.

बसला. आता उलथन्यावरचा कल्क बोटांत घेऊन वळायचा. चिकटला तर कच्चा, भुगा झाला तर करपला. नीट वात वळली गेली पाहिजे. मग ती वात निखाऱ्यावर. इथं निवेदन थांबवतो, तुम्ही फक्त ऐका.

[निखाऱ्यावर वात. तडतड.]

तडतडली. म्हणजे पाणी अजून आहे. कढई पुन्हा आचेवर.

[दुसरी वात. आवाज नाही. वैद्यबाई मान हलवतात.]

[प्रयोगशाळा. काचेच्या नळीत हिरवा अर्क.]

इथं कढई नाही, अर्क आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नीरब्राह्मीचा अर्क उंदरांना दिला आणि ते धडा लवकर शिकतात का हे तपासलं. ते निष्कर्ष १९८२ साली छापून आले. पानातल्या ज्या घटकांवर पुढं लक्ष गेलं ते बॅकोसाइड. हे एकच द्रव्य नव्हे, सॅपोनिनांचं, म्हणजे पाण्यात फेस करणाऱ्या संयुगांचं, मिश्रण. मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो. स्मरणाच्या कामात त्याचा मोठा वाटा. त्याला मोडणाऱ्या विकराला ब्राह्मीचा अर्क काहीसा आवर घालतो, असं प्राण्यांवरच्या आणि नळीतल्या प्रयोगांत दिसलं आहे.

माणसांवरच्या चाचण्यांतली एक आम्हाला फार बोलकी वाटते. २००२ सालची, ऑस्ट्रेलियातली, ७६ प्रौढांवरची. ब्राह्मी घेणाऱ्यांचा शिकण्याचा वेग वाढला नाही. जे शिकले ते मात्र त्यांच्याकडून कमी विसरलं गेलं. अशा बऱ्याच चाचण्या बारा बारा आठवडे चालल्या आहेत, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाटली उघडणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघून घ्यावा. चाचण्या अर्काच्या, तुपाच्या नव्हेत, हेही इथंच सांगितलेलं बरं. चाचण्यांचे गट लहान आहेत. स्मृतिभ्रंश यानं टळतो, असं कुणी दाखवलेलं नाही. गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क याच आशेनं ३,०६९ वृद्धांवर सुमारे सहा वर्षं तपासला गेला. २००८ साली उत्तर आलं, उपयोग नाही.

[पुन्हा पाणथळ जागा. मागं सांडपाण्याचा ओहोळ.]

वैद्यबाई या काठाची वेल तोडत नाहीत. नीरब्राह्मी पाण्यातलं शिसं, कॅडमियम शोषून घेते, इतकं की दूषित पाणी स्वच्छ करायला तिचा उपयोग तपासला जातो. आणि शिसं मेंदूचंच नुकसान करतं. २००४ साली बॉस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. तुपाच्या कल्कातलं वेखंडही जपून: त्यातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे ते खाद्यपदार्थांत घालायला अमेरिकेत १९६८ पासून मनाई आहे. मळमळ, पोटात कळ, जुलाब या तक्रारी ब्राह्मीच्या चाचण्यांतही नोंदल्या गेल्या. दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

[वरच्या अंगाला, झऱ्यापाशी. वैद्यबाई वाकतात.]

वेल नखानं खुडायची, पेराच्या वर. मुळं चिखलातच राहू द्यायची.

[टोपलीतली पानं. पाण्याचा आवाज.]